फेब्रुवारीचे तीनशे रुपये

(दृश्य: मोबाइलवर उघडलेली पगाराची स्लिप. बोट 'कपात' रकान्यावरून खाली सरकतं.)

पीएफ. त्याखाली टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर. आणि सगळ्यात खाली, कुणी ढुंकूनही बघत नाही अशी एक ओळ: पीटी, 200 रुपये. पीटी म्हणजे राज्य सरकारचा व्यवसाय कर. अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत मात्र तीनशे. सगळ्यात छोट्या महिन्यात जास्त का, हे दरवर्षी कुणीतरी अकाउंट्सवाल्यांना विचारतंच. हिशेब साधा आहे. वर्षाचे 2500 घ्यायचे, अकरा महिन्यांत 2200 होतात, उरलेले 300 फेब्रुवारीच्या माथी.

2500 हा आकडा राज्यघटनेतला. कलम 276 नुसार राज्यांना माणशी वर्षाला याहून जास्त घेता येत नाही. आधी मर्यादा 250 होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं त्यावर एक शून्य चढलं, आणि तेव्हापासून आकडा जागचा हललेला नाही.

(दृश्य: उघडा माळ, कोरडा ओढा, पाझर तलावाचा जुना बांध.)

आता स्लिप जरा बाजूला ठेवू. सांगली जिल्हा, तासगाव तालुका, विसापूर. 1965 मध्ये विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी इथे एक प्रयोग करून पाहिला: मागेल त्याला काम. त्यातूनच पुढे राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. खडी फोडायची, नाल्यावर बांध घालायचे, रस्त्यावर माती टाकायची. पण मजुरीला पैसा लागतो, आणि हा पैसा दुष्काळ सरला तरी लागतो. आणायचा कुठून? नोकरदाराच्या पगारातून. 1975 चा व्यवसाय कर आला तो यासाठी. पुढे 1977 च्या रोजगार हमी कायद्यानं भर घातली: जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारनंही टाकायची. ठाण्यातल्या कारकुनाचा रुपया माणदेशातल्या बांधावर जाईतो दोन व्हावा, असा तो बेत.

टीडीएसचा स्वभाव निराळा. तो केंद्राचा, आणि अंदाजाचा. वर्षाचा पगार किती होईल, त्यावर कर किती बसेल, हे कंपनी आधीच मांडते आणि दरमहा थोडा थोडा कापत जाते. जुन्या करप्रणालीत असाल आणि विम्याच्या, घरभाड्याच्या पावत्या वेळेत दिल्या नाहीत, तर मार्चचा पगार बघवत नाही. पगाराबाहेरही पैसे हातात येण्याआधीच कपात: ठेवीचं व्याज, कंत्राटदाराचं बिल. पॅन दिलेला नसेल तर सहसा थेट 20 टक्के. कापलेला पैसा खरंच सरकारजमा झाला का, हे प्राप्तिकर खात्याच्या फॉर्म 26 एएसमध्ये दिसतं, स्लिपवर नाही. जास्त कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

व्यवसाय करात अंदाज नाही की पावत्या नाहीत. आणि मालक कापायला विसरला तरी भरायची जबाबदारी त्याचीच.

(दृश्य: ऑफिसच्या इमारतीचं फाटक, संध्याकाळ.)

महिन्याचा पगार 10,000 च्या वर गेला की पुरुषांना पूर्ण दर. बायकांना एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत माफी. म्हणून इथं झाडलोट करणाऱ्या मावशींच्या स्लिपवर ही ओळ कोरी. फाटकावरच्या बारा हजारवाल्या वॉचमनचे 200. आणि नवव्या मजल्यावर तीन लाख घेणाऱ्या साहेबांचेही 200.

फेब्रुवारीत दोघांचेही 300.