दरबाराचं शहर, पेठेचं शहर

[दृश्य: इंदूरचा सराफा, रात्रीचे साडेनऊ. एका सराफी दुकानाचं शटर खाली येतं. दहाच मिनिटांत त्याच ओट्यावर कढई चढते.]

दिवसा जिथे सोन्याचा सौदा झाला, तिथे आता भुट्ट्याचा कीस परतला जातोय. चार हात लांबीचा हा ओटा एका दिवसात दोनदा कमावतो. मध्यरात्र उलटेपर्यंत गल्ली जागी असते, त्यामुळे दुकानांची राखणही होते. इंदूर कसं चालतं ते या ओट्यावर दिसतं: इथे पैसा पडून राहत नाही.

[दृश्य: ग्वाल्हेरचा बाडा, पहाट]

हा ग्वाल्हेरचा महाराज बाडा, आणि भोवती लष्कर. शहराच्या मुख्य भागाचं नावच लष्कर आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडलं आणि किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तळाचं गाव झालं, गावाची राजधानी झाली. उज्जैनचे सावकार, कारागीर, मानकरी यांचं गिऱ्हाईक मात्र एका फटक्यात गेलं. पुढे खांडवा-रतलाम रेल्वे फतेहाबादवरून गेली आणि उज्जैनच्या वाट्याला जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचा फाटा आला.

ग्वाल्हेर आणि इंदूर ही दोन्ही मराठ्यांचीच शहरं. १९०१ च्या जनगणनेत लष्कर, मुरार आणि किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर मिळून वस्ती लाखाच्या वर होती, इंदूर लाखाच्या आत. २०११ मध्ये ग्वाल्हेर साडेदहा लाखांवर आणि इंदूर साडेएकोणीस लाखांच्या पुढे. ग्वाल्हेर ओस पडलं नाही, वाढलंच. पण इंदूर त्याच्या दुपटीच्या घरात गेलं. असं का?

याचं उत्तर रेल्वेत शोधायची सवय आहे. ते पुरत नाही. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं: व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. जयाजीराव शिंद्यांनी आग्रा-ग्वाल्हेर मार्गाला ७५ लाख दिले. शिवाय ग्वाल्हेर दिल्ली-मुंबई मुख्य मार्गावर आलं, इंदूर आजही त्यावर नाही. फरक पडला तो रूळ कुठे घेऊन जातात याचा. इंदूरची गाडी खांडव्याला मुंबईच्या लाइनला मिळायची, म्हणजे कापूस थेट बंदरावर. ग्वाल्हेरची गाडी १२० किलोमीटरवरच्या आग्र्याला जायची, जिथे आधीच मोठी बाजारपेठ होती. मोठ्या पेठेला इतक्या जवळून जोडलेलं शहर माल विकण्यापेक्षा विकत आणायला लागतं. इंदूरपासून भोपाळ १९० किलोमीटर, अहमदाबाद चारशेच्या घरात. मधल्या सगळ्या माळव्याला घाऊक माल भरायचा तर इंदूरच.

[दृश्य: जुना वाडा, गादी, लाल कापडात बांधलेल्या वह्या]

आता अफूकडे यावंच लागतं. इंदूरच्या भांडवलाची सुरुवात तिथे आहे, आणि ती सांगताना अवघडून चालणार नाही. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली आणि रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज रेसिडेंटची कचेरी, शेजारी आली. माळव्याच्या अफूवर देखरेख ठेवणारा इंग्रजांचा अफू एजंट इथेच बसायचा.

अफूचा धंदा रोखीत होत नाही, तो उधारीवर चालतो. पेरणीआधी शेतकऱ्याला उचल द्यायची. बोंडांना चिरा पाडून निघालेला चीक अळशीच्या तेलात ठेवायचा, म्हणजे तो सुकून बाद होत नाही. मग जाडजूड पिशव्यांतून तेल निथळू द्यायचं, गोळे वळायचे आणि ते महिनोन्‌महिने मुरवायचे. ओले गोळे पेटीत भरले तर बुरशी धरतात, वजन घटतं, मुंबईत भाव पडतो. पेटी १४० पौंडांची, म्हणजे साधारण ६३ किलो. उचल दिल्यापासून पेटी विकेपर्यंत वर्ष उलटायचं आणि तोवर सगळा व्यवहार हुंडीवर, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीवर. एक हुंडी बुडाली की मागच्या दहा जणांचे पाय लटपटणार. म्हणून इंदुरात व्यापाऱ्यांचे ‘अकरा पंच’ होते. दिवाळखोरी, वजनमापं, देण्याघेण्याचे तंटे तेच मिटवत आणि होळकर दरबार त्यांचा निवाडा मानत असे. आमच्या मते इंदूरला मिळालेलं सर्वांत मोलाचं भांडवल हेच: अनोळखी माणसाला उधार देता येईल असा भरवसा.

१९०७ च्या करारानंतर चीनला जाणारी अफू दरवर्षी कमी होत १९१३ मध्ये थांबली. धंदा बुडाला, भांडवल तरलं. १९०९ मध्ये मालवा मिल, १९१५ च्या सुमारास हुकुमचंद मिल, विशीच्या दशकात राजकुमार, कल्याणमल, भंडारी. हुंडी लिहिणाऱ्या गाद्याच गिरण्यांच्या मालक झाल्या.

त्याच काळात ग्वाल्हेरकडे पैसा कमी नव्हता, उलट जास्तच होता. किल्ल्यातल्या शिंद्यांच्या खजिन्याला गंगाजळीच म्हणत. माधवराव शिंदे हौसेनं कारखाने काढत आणि गुंतवणूकही जाणत. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळतं भांडवल हवं होतं, तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या महाराजांनी उचलले. देशासाठी ते मोठंच काम झालं. पण भट्टी पेटली जमशेदपुरात. लष्करातल्या दुकानदाराकडे ना ते भांडवल आलं, ना त्यातून शिकायला मिळणारी जोखीम. १९२१ मध्ये बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल आली. बिर्लानगर वसलं. चाळी, बाजार, शाळा, सगळ्यांचा श्वास एका भोंग्यावर.

[दृश्य: बिर्लानगर, गवतात उभी चिमणी]

नव्वदीच्या दशकात तो भोंगा थांबला. इंदूरचेही थांबले, हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्या घरांतल्या एका पिढीनं हक्काच्या पैशाची वाट पाहत म्हातारपण काढलं. इंदूरच्या भरभराटीचं कौतुक करताना हे झाकू नये.

तरी शहर सावरलं, कारण पिथमपूर आधीच उभं होतं. ऐंशीच्या दशकात सरकारनं मागास जिल्ह्यांत उद्योगांना अनुदान आणि करसवलत दिली. इंदूरजवळ धार जिल्ह्यात पिथमपूर, ग्वाल्हेरजवळ भिंड जिल्ह्यात मालनपूर. सवलत सारखीच. पण गाडीच्या कारखान्याला रोज शेकडो सुटे भाग लागतात. पिथमपूरचा एखादा डाय, म्हणजे भाग घडवायचा साचा, बिघडला तर तो इंदूरच्या सांवेर रोडवरच्या वर्कशॉपात नेऊन दुरुस्त करता येत होता. मालनपूरला त्यासाठी दिल्लीकडे बघावं लागे. सुटा भाग दोन दिवस रस्त्यावर असेल तर लाइन दोन दिवस उभी. अशा ठिकाणी सवलत संपली की हिशेब फिरतो आणि मालक शेड गुंडाळतो.

ग्वाल्हेरला सरकारनं सांभाळलं, पण कचेऱ्या देऊन. १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली तेव्हा महसूल मंडळ, महालेखापाल कार्यालय, परिवहन आयुक्तालय ग्वाल्हेरला आलं. पगार दर महिन्याला येतो, गाव चालतं. त्या पगारातून दुसरा धंदा मात्र फारसा उगवत नाही. १९९२ नंतर दिल्लीचा भार हलका करायला ग्वाल्हेरच्या पश्चिमेला ‘साडा’ची (विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाची) नवी वसाहत आखली. रस्ते झाले, भूखंड पडले, माणसं आली नाहीत. कामाआधी घर बांधलं की असं होतं.

[दृश्य: जलूद, नर्मदा, पंपघर]

राहिलं पाणी. १९७० मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले आणि १९७८ मध्ये सत्तर किलोमीटरवरची नर्मदा शहरात आली. पाणी चारशे मीटरहून जास्त उंच चढवावं लागतं, टप्प्याटप्प्यानं. वीज मध्येच गेली तर चढत्या नळातलं पाणी उलट धाव घेतं आणि दाबाचा तडाखा जोडांवर बसतो. नळ पुन्हा भरेपर्यंत टाक्या रिकाम्या. बहुतेक भागांत पाणी आजही एक दिवसाआड येतं आणि महापालिकेच्या तिजोरीला सर्वांत मोठं भोक विजेच्या बिलाचं आहे. त्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेनं लोकांकडून रोख्यांतून २४४ कोटी उभे केले, व्याज सव्वाआठ टक्के, ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. मूळ विक्री १२२ कोटींची होती, तिच्या जवळजवळ सहापट मागणी आली. हुंडीवर पोसलेल्या गावाला रोखा समजावून सांगावा लागला नाही.

[दृश्य: तिघरा धरण, मे महिना]

ग्वाल्हेरचं पाणी इथून येतं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पायाखालून पाणी झिरपून ही भिंत फुटली होती, ती पुन्हा बांधली. शहर तेव्हाच्या कितीतरी पट झालं, मुख्य आधार अजून तोच. कमी पडलं की वरच्या ककेटो आणि पेहसारी धरणांतून पाणी सोडतात. चंबळ जवळ आहे, पण ती घडियालांचं अभयारण्य आहे, तिथून पाणी उचलायला परवानग्यांची रांग लागते. म्हणून उन्हाळा लागला की लष्करात, मुरारमध्ये, हजिऱ्यावर एकच विचारणा असते: तिघरा किती फुटांवर? भरलं म्हणजे ७४०.