कॅटची जाळी फोडण्याआधी

मंडळी, सायलेन्सर बदलायला गाडी लिफ्टवर चढली की एक प्रश्न ठरलेला असतो: "कॅट पण काढून टाकू का?" कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू साफ करणारा एक्झॉस्टमधला डबा. मालकाला पिकअप हवा असतो, फिटरला काम सोपं करायचं असतं, आणि अर्ध्या तासात जाळी फोडून डबा रिकामा होतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कॅट काढू नये. कायदा आड येतो हे खरंच, पण कायदा बाजूला ठेवला तरी इंजिनाच्या हिशेबाने हा सौदा तोट्याचा आहे.

आधी डब्यात काय असतं ते बघू. बहुतेक गाड्यांत कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचा एक ठोकळा असतो, त्याला आरपार बारीक चौकोनी भोकं. नेहमीच्या जाळीत एका चौरस इंचात चारशे भोकं बसतात, म्हणजे एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत जेमतेम सव्वा मिलिमीटर अंतर. भिंतींवर अॅल्युमिनाचा खरखरीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम हे धातू. छोट्या गाडीत हे तिन्ही मिळून काही ग्रॅमच भरतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल इथे जळून जातं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून पुन्हा नायट्रोजन होतो. ही दोन्ही कामं एकदम व्हायची तर हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं लागतं: शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवेला एक भाग इंधन, ई-२० पेट्रोलला साधारण साडेतेरा. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप. त्याच्याजवळ, कॅटच्या आधी बसवलेला पुढचा ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सतत सांभाळत असतो. आणि साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय जाळी कामाला लागत नाही, म्हणून हल्ली कॅट मॅनिफोल्डला अगदी चिकटून बसवतात.

आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट आला. त्याला शिसंविरहित पेट्रोल लागतं, कारण शिसं त्या धातूंवर बसून त्यांना निकामी करतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. म्हणजे आपल्या रस्त्यांवर ही वस्तू तीस वर्षं झाली तरी गॅरेजमध्ये अजून तिला अडगळ समजतात. मला हे खरंच खटकतं.

आता पिकअपची गोष्ट. "कॅट काढला आणि गाडी पळायला लागली" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांचा कॅट चोक झालेला होता. अडथळा गेला, गाडी मोकळी झाली. तिथे नवा, चांगला कॅट बसवला असता तरी तेवढाच फरक पडला असता. धडधाकट कॅट काढून बाराशे सीसीच्या साध्या इंजिनात मिळणारी ताकद इतकी थोडी असते की पायाला कळत नाही. कॅटचा अडथळा वायूचा ओघ वाढेल तसा वाढतो. पूर्ण रेस, साडेपाच-सहा हजार आरपीएम, तेव्हा तो मोजण्याइतका होतो. जालना रोडवर अडीच हजार आरपीएमला चाललेल्या गाडीत तो नगण्य आहे. मात्र आवाज वाढतो, आणि वाढलेला आवाज कानाला ताकदीसारखा वाटतो.

म्हणून कॅटला हात लावण्याआधी तो चोक आहे का ते मोजा. पुढचा सेन्सर काढा. त्या भोकाची चूडी एम १८ बाय १.५ असते. तिथे अॅडॅप्टर लावा, त्याला फूटभर धातूची नळी आणि नळीच्या टोकाला कमी दाबाचा गेज. थेट रबरी नळी लावू नका, जळून जाईल. इंजिन गरम झाल्यावर स्लोवर, म्हणजे रेस न देता, दाब सव्वा पीएसआयच्या आत हवा. अडीच हजारावर अर्धा मिनिट धरून ठेवा, तीन पीएसआयच्या आत हवा. काटा त्याच्या वर चढला तर वाट कुठेतरी अडलेली आहे. पण लगेच कॅटला दोष देऊ नका. कॅटच्या मागचा फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्टचा जोड, सैल करून पुन्हा मोजा. दाब उतरला तर कॅट निर्दोष आहे, मागच्या सायलेन्सरमधला पत्रा सुटून आडवा पडलेला असतो. दाब तसाच राहिला तर कॅट चोक आहे.

गेज नसेल तर इंजिनाची हवेची ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम मीटरवरही अंदाज येतो. पुस्तकात स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण तो आकडा समुद्रसपाटीचा. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे साधारण दोन इंच कमी धरायचे. पंधरा-सोळा दिसले म्हणून इंजिन खराब ठरवू नका. अडीच हजारावर धरल्यावर काटा आधी थोडा पडून सावरला तर ठीक. हळूहळू खाली सरकतच गेला तर चोक.

पण कॅट आपणहून चोक होत नाही. त्याच्या आधीचं काहीतरी बिघडलेलं असतं आणि भोगतो कॅट. पहिलं कारण मिसिंग. एक सिलिंडर पेटला नाही की कच्चं पेट्रोल आणि हवा दोन्ही जाळीत जातात आणि तिथे पेटतात. तापमान हजार अंशांच्या वर जातं, आणि चौदाशेच्या आसपास ते सिरॅमिक वितळतं. समृद्धीवर तासनतास वेगात चाललेली, मधूनच मिसिंग करणारी गाडी एका फेरीत कॅट घालवू शकते. चेक लाइट स्थिर असेल तर गॅरेज गाठायला वेळ आहे. तो लुकलुकत असेल तर मिसिंग कॅट जाळतंय असा त्याचा अर्थ. रेस सोडा, वेग कमी करा, जवळच्या ठिकाणी गाडी थांबवा.

इथे गॅरेजवाल्या मित्रांना एक कळकळीची विनंती. कोणता सिलिंडर मेला ते बघायला चालू इंजिनात एकेक प्लगची वायर किंवा कॉइल काढायची आपली जुनी सवय आहे. कार्ब्युरेटरच्या काळात ती चालून गेली. आता तुम्ही ठिणगी बंद करता, पण इंजेक्टर पेट्रोल मारतच राहतो आणि ते सगळं जाळीत जातं. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढा. चाचणी तीच होते, कॅट वाचतो. स्टार्ट न होणारी गाडी धक्का मारमारून चालू करण्यातही हाच धोका आहे.

सीएनजीच्या गाड्यांत मिसिंग लपून राहतं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर गाडी गुळगुळीत चालते, सीएनजीवर चढाला झटके देते, आणि मालक "गॅसवर असंच असतं" म्हणून सोडून देतो. प्लगचा गॅप तपासा. पेट्रोलला एक मिलिमीटरच्या आसपास चालणारा गॅप सीएनजीला साधारण ०.७ ते ०.८ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. बाहेरून किट बसवलं असेल तर दोन्ही इंधनांवर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. दहा टक्क्यांच्या पुढे गेलेलं ट्रिम म्हणजे किटची जुळवणी चुकली आहे.

दुसरं कारण ऑइल जाळणारं इंजिन. ऑइलमधल्या झिंक-फॉस्फरसचा थर जाळीवर बसतो आणि धातू झाकले जातात. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिणाऱ्या गाडीला नवा कॅट लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी रिंग, व्हॉल्व्ह सील बघा. तिसरं, हेड गॅसकेटमधून कूलंट आत जाणं. आणि एक्झॉस्ट पॅकिंगला साधं सिलिकॉन फासणं, त्याने सेन्सर मरतो. तशी वेळ आली तर सेन्सरला चालणारंच सीलंट वापरा.

समजा तरीही कोणी जाळी फोडली. मग काय होतं? रिकामा डबा म्हणजे पाइपच्या मध्ये एक पोकळ खोली. वायू तिथे फुगतो, घोटाळतो, पुन्हा आवळतो. मोकळा सरळ पाइप काही मिळत नाही. वर पत्र्याचा घणघणाट. अर्धवट फोडलेल्या जाळीचे तुकडे मागे जाऊन सायलेन्सर अडवतात. मॅनिफोल्डला चिकटलेल्या कॅटमध्ये तर सिरॅमिकची भुकटी उलटी सिलिंडरमध्ये ओढली जाण्याचा धोका असतो, आणि ती लायनर घासते. जाळीभोवतीच्या गादीचा आणि सिरॅमिकचा धुरळा फुप्फुसाला वाईट, तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. आणि कोणी "फुकटात काढून देतो" म्हणालं तर लक्षात ठेवा, त्या जाळीतले धातू भंगारात चांगल्या भावाने जातात.

गाडीच्या कॉम्प्युटरलाही हे कळतं. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. कॅट चांगला असताना पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली होत राहतं आणि मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास जवळपास स्थिर असतं. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याचं व्होल्टेज असं वरखाली होत नाही, तिथे फक्त मागचा बघा. कॅट गेला की मागचाही नाचायला लागतो आणि पी०४२० कोड येतो. लगेच येत नाही, ठरावीक धाव पूर्ण झाल्यावर येतो. म्हणून गॅरेजमधून निघताना दिवा बंद असतो आणि आठवड्याने लागतो. मग मागच्या सेन्सरला धुरापासून लांब धरायला खाली स्पेसर लावा, मॅपिंग करून म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून कोड बंद करा, असे उद्योग सुरू होतात. मागचा सेन्सर फक्त दिवा लावायला नसतो, पुढच्या सेन्सरच्या वाचनाची बारीक दुरुस्तीही तो करतो. त्याला फसवलं की मिश्रण कधी सरकलं ते कळत नाही.

पीयूसीला बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल कारसाठी स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. अडीच हजार आरपीएमला मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण नेमक्या प्रमाणाच्या किती जवळ आहे तो आकडा, ०.९७ ते १.०३. कॅटशिवाय चांगल्या इंजिनाचा धूरही बहुधा अर्धा ते एक टक्का मोनॉक्साइड देतो. नायट्रोजन ऑक्साइड तर पीयूसीत मोजतच नाहीत, ते थेट आपल्या नाकात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल करू देत नाही. कलम १८२-अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. कलम १९०(२) खाली प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मराठवाड्यातली तीन शहरं आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. सिग्नलला आपल्या मागे दुचाकीवर टाकीवर लेकरू बसवून कोणीतरी उभं असतं. ते लेकरू आपला धूर घेतं.

मग एक्झॉस्ट सुधारायचाच नाही का? सुधारा, पण कॅटच्या मागून. कॅटच्या मागच्या फ्लँजपासून शेवटच्या टोकापर्यंत काम करा. बाराशे सीसीच्या साध्या इंजिनाला ४० ते ४५ मिलिमीटरचा पाइप पुरतो, पंधराशेला ४८ ते ५०. त्याहून मोठा घातला तर वायूचा वेग मंदावतो आणि गावातल्या स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलत नाही. पाइप ३०४ स्टेनलेसचा घ्या. वळण मँड्रेलचं, म्हणजे पाइपच्या आत आधार घालून वाकवलेलं हवं. साध्या बेंडरवर पाइप पोटाशी चेपतो आणि तेवढा नवा अडथळा तुम्हीच तयार करता. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पॅकिंग नवीन, रबर हँगर नवीन. सेन्सर काढला असेल तर चूडीला निकेलचं अँटीसीझ लावा, टोकाला लागू देऊ नका, आणि साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळा. सेन्सरच्या आधी कुठेही गळती ठेवू नका. बाहेरची हवा आत आली की कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटतं, तो पेट्रोल वाढवतो आणि चांगला कॅट तापून जातो. मागचा सायलेन्सरही आवाजाच्या नियमात बसणारा घ्या.

टर्बो गाडीत टर्बाइनच्या मागचा अडथळा जास्त जाणवतो, हे मान्य. तिथे शर्यतीच्या गाड्यांना दोनशे भोकांची धातूची जाळी वापरतात. ती कॅट न ठेवण्यापेक्षा कितीतरी बरी, पण मंजुरी नसलेला भाग रस्त्यावरच्या गाडीला बेकायदेशीरच ठरतो. ट्रॅकची गाडी वेगळी ठेवता येत असेल तरच तो विचार करा. डिझेलवाल्यांनी डीपीएफबद्दल, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल, हेच समजावं. तो सारखा भरत असेल तर गाडी रोज चार किलोमीटर चालून बंद होतेय, किंवा इंजेक्टर नाहीतर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बिघडलंय. आधी ते बघा.

काम झाल्यावर कॅटवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, परत बसवला का ते बघा. खडखडतो म्हणून पुष्कळदा तो काढून फेकतात. सुगीत गाडी कडब्यावर, सोयाबीनच्या भुसकटावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी राहते. कॅट कित्येक शे अंश तापलेला असतो. खालून पेटलेली गाडी विझवायला तुम्हाला वेळ मिळत नाही.

जुनी गाडी घेताना कॅट आत आहे का, असा प्रश्न आलाय. गार गाडीत कॅटवर मुठीने हलके ठोका. भरलेला असेल तर आवाज बद्द येतो, रिकाम्या डब्यासारखा वाजला किंवा आत खुळखुळला तर संशय घ्या. मोबाइलचा कॅमेरा डब्याच्या वरच्या बाजूला न्या, कारण कापून रिकामा केलेला डबा वरून वेल्ड करतात, खालून काही दिसत नाही. मग गाडी वीस मिनिटं पळवून स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेषा बघा. आणि कॅट मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतः केलेली कॅटची तपासणी, पूर्ण झालाय का तेही बघा. अपूर्ण दिसला तर कोड नुकताच पुसलेला असू शकतो. दोन दिवस चालवून पुन्हा स्कॅन करू द्या, तोवर बयाणा देऊ नका.