झेंडा तोच, काडी तीच

१४ जूनला अमेरिकेत फ्लॅग डे असतो. त्या दिवशी गावोगावी अमेरिकन लीजनची, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेची लोकं एक कार्यक्रम करतात. फाटलेले, उन्हापावसात विटलेले झेंडे लोकांनी आणून दिलेले असतात, ते घेऊन ही म्हातारी मंडळी युनिफॉर्ममध्ये रांगेत उभी राहतात, सॅल्यूट करतात आणि सगळे झेंडे जाळतात. हो, जाळतात. तिथल्या कायद्यातच लिहिलंय की जीर्ण झेंडा मानाने नष्ट करावा, शक्यतो जाळून. आपल्या ध्वजसंहितेतही तेच आहे बरं का, फक्त आपल्याकडे हे खासगीत करा म्हणतात.

आता दुसरा झेंडा बघू. २२ ऑगस्ट १९८४, डॅलस, टेक्सस. आत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चाललंय, रेगनना परत उमेदवारी मिळणारे, आणि बाहेर रस्त्यावर शंभरेक जणांचा मोर्चा. त्यातल्या कुणीतरी एका बिल्डिंगसमोरच्या खांबावरून झेंडा उतरवला आणि ग्रेगरी ली जॉन्सन नावाच्या तरुणाच्या हातात दिला. सिटी हॉलसमोर त्याने त्यावर रॉकेल ओतलं, पेटवला, बाकीचे भोवती घोषणा देतायत, लाल-पांढऱ्या-निळ्या अमेरिके, थू तुझ्यावर, असा साधारण अर्थ. कुणाला भाजलं नाही, मारामारी झाली नाही. बघणाऱ्यांना मात्र फार लागलं. मोर्चा पांगल्यावर या बघणाऱ्यांपैकीच एकाने ते जळके तुकडे वेचले, घरी नेले आणि परसात पुरले. कोर्टाच्या निकालपत्रात या माणसाला जेमतेम एक वाक्य मिळालंय, पण अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त तोच आठवतो.

जॉन्सनवर केस झाली. टेक्ससच्या कायद्यात पूज्य वस्तूची विटंबना असा गुन्हाच होता. शिक्षा १ वर्ष कैद आणि २,००० डॉलर दंड.

जॉन्सनची बाजू अशी की राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती, जी १७९१ पासून आहे, ती म्हणते बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा करता येणार नाही. पण झेंडा जाळणं म्हणजे बोलणं का? तोंड कुठे उघडलं त्याने? इथेच सगळी गाडी अडलेली, आणि ती शेवटी वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टात गेली.

तिथे जे झालं ते समजायला मघाचे ते लीजनवाले आठवा. सरकारला जर जाळण्याचंच वावडं असेल तर त्या म्हाताऱ्यांनाही आत टाकायला पाहिजे, कापड तेच, काडी तीच. त्यांना सोडायचं आणि जॉन्सनला धरायचं म्हणजे शिक्षा जाळल्याची नाही, जाळताना डोक्यात काय होतं त्याची. आणि डोक्यातल्या विचाराला शिक्षा करायला तर घटनेची बंदी आहे. २१ जून १९८९ ला निकाल आला, ५ विरुद्ध ४, जॉन्सन सुटला.

हे पाच न्यायाधीश कोण? निकाल लिहिणारे ब्रेनन उदारमतवादी, ते ठीक, पण बरोबर कोण तर स्कॅलिया, कट्टर परंपरावादी माणूस. ते नंतर भाषणांत सांगायचे की मी राजा असतो तर या दाढीवाल्या झेंडाजाळूंना सरळ तुरुंगात घातलं असतं, पण मी राजा नाही ना. केनेडींनी तर वेगळं टिपण लिहिलं, की आपल्यालाच न आवडणारे निकाल कधीकधी आपल्याला द्यावे लागतात. विरोधातल्या चारांमध्ये स्टीव्हन्स होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम केलेले, आणि मुख्य न्यायाधीश रेनक्विस्ट, ज्यांनी आपल्या मतात झेंड्यावरच्या कविता उतरवून काढल्या. कुणी म्हणेल कोर्टात कविता कशाला, पण मला ते समजतं. काही गोष्टी युक्तिवादात मावतच नाहीत.

आणि जाळणारा प्रत्येक जण देशावर थुंकणाराच असतो असंही नाही. जून १९६६, मिसिसिपीत जेम्स मेरेडिथ या नागरी हक्कांसाठी चालत निघालेल्या कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्या. ही बातमी ब्रुकलिनमध्ये सिडनी स्ट्रीट नावाच्या माणसाने रेडिओवर ऐकली, तोही कृष्णवर्णीय. त्याने ड्रॉवर उघडला, आत नीट घडी घातलेला झेंडा होता, ४८ ताऱ्यांचा, म्हणजे अलास्का-हवाई ही राज्यं यायच्या आधीचा, सणावाराला तो हा झेंडा घरी लावायचा. तो घेऊन कोपऱ्यावर गेला आणि पेटवला. मेरेडिथला असं होऊ देणार असाल तर झेंडा हवाय कशाला, असं पोलिसाला म्हणाला. त्याची शिक्षा १९६९ मध्ये रद्द झाली, पण ती त्याने काढलेल्या शब्दांच्या मुद्द्यावर, जाळण्याचा प्रश्न कोर्टाने तसाच ठेवून दिला होता.

त्याही आधी, १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, वेस्ट व्हर्जिनियातल्या जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांनी शाळेत झेंड्याला सलाम करायला नकार दिला आणि कोर्ट म्हणालं जबरदस्ती करता येणार नाही. निकालाची तारीख १४ जून, फ्लॅग डेच! हाच निकाल आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये वापरला, केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीताला उभं राहूनही गायली नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं तेव्हा. मुलं जिंकली. झेंडा जाळण्याचं मात्र आपल्याकडे वेगळं आहे, १९७१ च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद.

बरं, जॉन्सन सुटल्यावर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, चिडून काही महिन्यांत नवा कायदा आणला, तोही कोर्टाने १९९० मध्ये उडवला, परत ५-४. मग घटनाच बदलायचे प्रयत्न. २००६ मध्ये सिनेटमध्ये ६६ मतं पडली, लागत होती ६७.

म्हणजे तिकडे काहीही जाळलं तर चालतं? नाही. १९९० मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात काही पोरांनी खुर्चीचे मोडके पाय टेपने बांधून क्रॉस केला आणि रात्री एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात पेटवला. पेटता क्रॉस म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशतवादी संघटनेची खूण, पुढचा नंबर तुमचा. या पोरांना लावलेला शहराचा नियम कोर्टाने रद्द केला, कारण तो ठराविक विचारांनाच वेगळं काढत होता, पण धमकीच्या वगैरे कायद्यांचा रस्ता मोकळा ठेवला. मग २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या केसमध्ये स्पष्टच सांगितलं, घाबरवायच्या हेतूने क्रॉस जाळणं सरकार बंद करू शकतं. त्या सुनावणीत कृष्णवर्णीय न्यायाधीश क्लॅरेन्स थॉमस बोलले, जे एरवी सुनावणीत तोंडच उघडायचे नाहीत. दक्षिणेतल्या राज्यांत जवळजवळ शंभर वर्षं लोकांना लिंच केलंय, क्लॅनची दहशत आहे, या क्रॉसचा परिणाम तुम्ही कमी करून सांगताय, असं ते सरकारी वकिलालाच म्हणाले.

झेंडा जळला की बघणाऱ्याचं डोकं फिरतं, पण अंगणात क्रॉस पेटला की त्या घरात रात्री कुणी झोपत नाही. कोर्टाने रेघ ओढलीय ती साधारण इथे. मला पटते, पण परसात तुकडे पुरणाऱ्या त्या माणसाला ती कधीच पटणार नाही, हेही मान्य करायला हवं.

२५ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढला, झेंडा जाळणाऱ्यांवर जिथे दुसरा कुठला कायदा लागू होईल तिथे कारवाई करा. त्याच दिवशी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये एका माजी सैनिकाने निषेध म्हणून झेंडा पेटवला आणि त्याला धरलं. गुन्हा काय लावला माहितीये? बागेत परवानगी नसलेल्या जागी जाळ केला.