आतून दिलेला लाईट

श्रोतेहो, नमस्कार. कर्करोगाच्या पेशंटला ‘लाईट द्यावा लागेल’ असे डॉक्टरांनी म्हटले, की घरच्यांना आधी आठवडेच्या आठवडे घालावे लागणारे हेलपाटे दिसू लागतात. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात मात्र किरणांचा स्रोत थेट ग्रंथीच्या आत ठेवूनही उपचार करता येतो. याला ब्रॅकीथेरपी म्हणतात.

सगळी मेख अंतरात आहे. सोलापुरात हुरड्याच्या आगटीपाशी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, की हात जवळ नेला तर चटका बसतो आणि दोन पावले मागे सरकले की नुसती ऊब उरते. किरणांचेही तसेच असून, अंतर दुप्पट झाले की मारा साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो; त्यामुळे ग्रंथीला भरपूर मात्रा मिळूनही तिला खेटून असलेले मूत्राशय आणि गुदाशय बऱ्याच अंशी वाचतात.

एका पद्धतीत इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचा स्रोत पोकळ सुयांतून काही मिनिटांपुरता आत जातो आणि परत येतो; शरीरात काही उरत नाही. दुसरीत आयोडीन-125 असलेले, जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीचे टायटॅनियमचे दाणे, भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, वृषण आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून सुयांनी ग्रंथीत रोवतात. असे दाणे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार होतात. ते कायम आतच राहतात, पण सुमारे 60 दिवसांत त्यांची शक्ती निम्मी होते आणि वर्षभरात नगण्य उरते.

“मग नातवाला मांडीवर घ्यायचं नाही का?” हा प्रश्न आजोबा जाताजाता, दाराशी थबकून विचारतात. दाणे रोवलेले असतील तर पहिले दोनेक महिने लहान मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नये आणि गरोदर स्त्रीजवळ बराच वेळ बसू नये. जेवणाचे ताट मात्र वेगळे करण्याचे कारण नाही.

हा उपचार सरसकट सर्वांसाठी नाही. दाण्यांचा एकटा उपचार रोग ग्रंथीपुरता असतानाच पुरतो. ग्रंथी फार मोठी असेल किंवा लघवी आधीच तुंबत असेल, तर डॉक्टर सहसा दुसरा मार्ग सुचवतात. नंतर काही आठवडे, कधी काही महिने, लघवीला जळजळ होते, रात्री वारंवार उठावे लागते, आणि काहींच्या लैंगिक क्षमतेवरही परिणाम होतो. हे संकोच न करता आधीच विचारून घ्यावे. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन, त्याची रक्तातली पातळी सावकाश उतरते आणि वर्ष-दोन वर्षांनी काहींच्या बाबतीत मध्येच थोडी वाढून पुन्हा खाली येते. एवढ्या एका रिपोर्टवरून रोग उलटला असे ठरवू नये. आधीचे सगळे रिपोर्ट तारखेवार लावून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावेत आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीने तपासणी पुन्हा करावी.