येरवड्याचा आंबा

आत्ता आपण ज्या वडाखाली बसलोय ना, त्याच्या पारावर हात टेकल्याशिवाय सकाळी फिरायला येणाऱ्यांचा राउंड पुरा होत नाही. मी आज ज्या झाडाबद्दल बोलणारे त्याला असा येताजाता हात लावता येत नाही, ते येरवडा जेलच्या भिंतीआड आहे, २०२१च्या २६ जानेवारीला जेल टुरिझम सुरू झालं तेव्हा कुठं ते बघायची सोय झाली.

आता १९३२चा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारनी एका निवाड्यात अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिलेले, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी फक्त त्यांनीच निवडायचे, आणि येरवड्यातच कैदेत असलेल्या गांधीजींनी त्याविरुद्ध २० तारखेपासून आमरण उपोषण धरलेलं. एक बुटकं, दाट आंब्याचं झाड, खाली लोखंडी खाट, जवळ वल्लभभाई आणि सरोजिनीबाई. २२ला बाबासाहेब तिथं आले. खाटेवर ६२ वर्षांचा थकलेला माणूस आणि समोर हे, ४१ वर्षांचे. हा प्रसंग वाचताना दरवेळी मला बाबासाहेबांवरचं ओझं जास्त जाणवतं, कारण गांधीजींचं काही बरंवाईट झालं असतं तर त्याचा राग गावोगावच्या दलित वस्त्यांवर निघाला असता, म्हणजे मिळालेला हक्क सोडायचा आणि तरी समाजाच्या पदरात काहीतरी पाडून घ्यायचं, तेही त्या माणसाची तब्येत तासातासाला ढासळत असताना. मग जागांची घासाघीस. निवाड्यात प्रांतांच्या विधिमंडळांत त्यांच्यासाठी ७१ जागा होत्या, २४ तारखेच्या पुणे करारात १४८ झाल्या, मतदारसंघ मात्र संयुक्तच, म्हणजे मतदान सगळ्यांचं एकत्र. २६ला उपोषण सुटलं, तेव्हा रवींद्रनाथ टागोर तिथं होते.

म्हणून त्या झाडाला नुसतं 'गांधीजींचा आंबा' म्हणणं मला पटत नाही, अर्धी माणसं गाळल्यासारखं होतं. करारावर सह्या करणाऱ्यांत पां. ना. राजभोज होते, ज्यांनी १९२९ला इथंच पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला.

आणि त्यात एक सही आहे पी. बाळू. हे आपले पालवणकर बाळू, दलित समाजातले क्रिकेटपटू, डावखुरे स्पिनर, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिच राखायचं काम करता करता बॉलिंग शिकलेले, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट काढलेले. राजकारणात ते बाबासाहेबांच्या बाजूचे नव्हते, पुढं १९३७ला त्यांच्याच विरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पण मॅच जिंकून द्यायला ज्यांना हिंदूंच्या टीमनी आत घेतलं, त्यांनाच चहाच्या वेळी पॅव्हेलियनबाहेर थांबवून मातीच्या भांड्यात वेगळा चहा द्यायचे, बाकीचे आत कपबशीत प्यायचे. त्या माणसानी त्या कागदावर सही करताना काय काय आठवलं असेल, हे मी त्या आंब्यासमोर उभा राहून बराच वेळ मनात घोळवत होतो.