बाळंतपण माहेरी, नोंदणी वेळेत

नमस्कार मंडळी. आपल्यातल्या बऱ्याच घरांत नवरा किंवा बायको जपानी आहे, आणि अशा आईबापांची काळजी एकच असते: मुलाच्या नागरिकत्वाचं काय?

आईबाबा दोघंही भारतीय असतील, तर मूल टोकियोत जन्मलं तरी जपानी ठरत नाही. इथे जपानमध्ये जन्मस्थळाला नाही, आईबापांच्या नागरिकत्वाला महत्त्व. तेही १९८५ पर्यंत वडिलांच्याच. जपानी आईकडून मुलाला हा हक्क मिळाला तो त्या वर्षापासून.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत मला फार प्रिय आहे. पण बाप जपानी आणि बाळ पुण्यात जन्मलं, तर ते आईमुळे भारतीय आणि वडिलांमुळे जपानीही. अशा वेळी तीन महिन्यांच्या आत मुंबईच्या जपानी वकिलातीत जन्माची नोंद करायलाच हवी. त्या अर्जात 'इतर' नावाचा रकाना असतो. तिथे जपानी नागरिकत्व राखून ठेवत असल्याची ओळ असते आणि तिच्याजवळ सही करायची असते. मुदत चुकली, तर बाळाचं जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात. बाळंतिणीची रात्रीची जागरणं, बारसं, पाहुणे, यांत तीन महिने कधी सरतात कळत नाही. म्हणून हे काम बाळाच्या बाबांनी अंगावर घ्यावं. मुदत हुकलीच, तर मूल १८ वर्षांचं होण्याआधी, जपानमध्ये राहत असताना, ते परत मिळवण्याची सोय आहे.

दुसरी धास्ती निवडीची. जन्मापासून दोन्ही नागरिकत्वं असलेल्या मुलाने विसाव्या वर्षापर्यंत निवड करावी, असा इथला नियम एप्रिल २०२२ पासून आहे. आधी ही मुदत २२ वर्षांची होती. टेनिसपटू नाओमी ओसाकाने २०१९ मध्ये बाविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर जपान निवडलं. भारतही मोठ्या माणसाला दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. मुलाने जपान निवडलं, तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड, काढता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आजीकडे जायला दर वेळी व्हिसा लागत नाही.

दोन्हीकडच्या आजी-आजोबांना माझी हात जोडून विनंती आहे: नातवंडाला जेवताना 'तू नक्की कुणाचा?' असं विचारू नका. शाळेत हा प्रश्न त्याला पुष्कळदा ऐकावा लागतो. निवड त्याची त्याला करू द्या. तोवर दोन्ही दारं उघडी ठेवणं हे आपलं काम.

अर्जाची कोरी प्रत मी आणली आहे. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. सही कुठे करायची ते दाखवते.