नकाराचा हक्क आणि कॉफीची सुट्टी

लग्नसराई आली की आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड घ्यायला जातो. ती बाजारपेठ आज जिथं आहे तिथं १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. वळिवड्याची छावणी. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. महायुद्धाच्या आरंभी सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरियाकडे धाडलं होतं. तिथून सुटका झाल्यावर मजल दरमजल करत ती कोल्हापूरला पोचली. युद्ध संपलं तेव्हा यांच्यापैकी अनेकांना परत जायला आपला देशच राहिला नव्हता, कारण त्यांचं गाव आता सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. युरोपीय ऐक्य म्हटलं की आपल्यासमोर ब्रसेल्सच्या काचेच्या इमारती येतात. मला मात्र आधी वळिवडे आठवतं, आणि पोलंड.

कारण देश हातचा जाणं पोलंडला नवं नव्हतं. सतराव्या शतकात तिथल्या संसदेत, ‘सेयम’मध्ये, एक चमत्कारिक रिवाज होता. कुणाही एका सभासदानं उभं राहून ‘मला मंजूर नाही’ म्हटलं, की ठराव तर पडायचाच, शिवाय त्या अधिवेशनातलं आधीचं सगळं कामही रद्द व्हायचं. याला म्हणत ‘लिबेरुम वेटो’, म्हणजे मुक्त नकाराधिकार. १६५२ साली एका सभासदानं तो वापरून अधिवेशन मोडलं आणि पायंडा पडला. उमरावांना हा आपल्या स्वातंत्र्याचा मुकुटमणी वाटायचा. शेजाऱ्यांना त्यातली सोय लवकर कळली. सगळी संसद विकत घेण्याची गरज काय? एक माणूस पुरे! पुढं पुढं तर रशिया आणि प्रशिया यांनी आपसात करार केला, की पोलंडचं हे ‘स्वातंत्र्य’ आपण जपायचं. मग १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्या झाल्या, आणि पोलंड १२३ वर्षं नकाशावर नव्हता.

आता आजच्या युरोपीय संघाकडे येऊ. सत्तावीस देश, चोवीस अधिकृत भाषा, सुमारे पंचेचाळीस कोटी लोक. याची सुरुवात ९ मे १९५० ला झाली. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी जर्मनीपुढं प्रस्ताव ठेवला, की तुमचा आमचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती देऊ. कोळसा-पोलाद म्हणजे त्या काळच्या तोफा. भांडखोर भावांच्या घरातल्या कुऱ्हाडी शेजाऱ्याकडे ठेवाव्यात, तसला हा प्रकार. सहा देश तयार झाले. पण एकत्र येताना ज्याला त्याला एक भीती होती: उद्या बहुमतानं आपल्याला चिरडलं तर? ही भीती लहानांचीच असते असं नाही. १९६५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी बहुमताच्या मतदानाला विरोध करत आपले प्रतिनिधी बैठकांतून काढून घेतले. सहा-सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी. शेवटी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला तोडगा निघाला: एखाद्या देशाचा फार मोठा हितसंबंध गुंतला असेल तर सहमती होईपर्यंत बोलत राहायचं.

मी नकाराधिकाराला सरसकट नावं ठेवणार नाही. लक्झेंबर्गची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास, जर्मनीची आठ कोटींच्या वर. समान खुर्ची मिळाल्याशिवाय लहान देश अशा घरात येणार कशाला? आज बहुतेक कायदे पंचावन्न टक्के देश आणि पासष्ट टक्के लोकसंख्या या दुहेरी मोजमापानं होतात. परराष्ट्र धोरण, निर्बंध, करप्रणाली आणि नव्या सभासदाचा प्रवेश यांना मात्र एकमत लागतं.

आणि इथंच गाठ बसली. हंगेरीत २०१० साली व्हिक्तोर ओर्बान यांच्या आघाडीला साधारण त्रेपन्न टक्के मतं पडली आणि दोन तृतीयांश जागा मिळाल्या. त्या जोरावर नवी राज्यघटना झाली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय सत्तरवरून बासष्टवर आलं, म्हणजे एका फटक्यात जुने न्यायाधीश घरी. युरोपीय न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं, पण तोवर खुर्च्या भरल्या होत्या. २०१४ मध्ये ओर्बान यांनी उघड सांगितलं, की आम्ही उदारमतवादी नसलेलं राज्य उभं करतो आहोत. यात रणगाडे कुठंच नव्हते. सगळं मतपेटीतून आणि राजपत्रातून.

अशा वेळी संघानं काय करायचं? कराराचं सातवं कलम आहे. मूल्यं पायदळी तुडवणाऱ्या देशाचा मताधिकार काढून घेता येतो, पण बाकीच्या सगळ्यांचं एकमत असेल तरच. २०१७ मध्ये पोलंडवर ही कारवाई सुरू झाली, २०१८ मध्ये हंगेरीवर. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. ज्या देशाला एका ‘नाही’नं नकाशावरून पुसलं, त्याच देशाच्या सरकारनं तेच ‘नाही’ ढाल म्हणून धरलं. पोलंडचा प्रश्न अखेर ब्रसेल्सनं सोडवलाच नाही. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत सुमारे चौऱ्याहत्तर टक्के पोलिश मतदार बाहेर पडले आणि सरकार बदललं.

बाहेरचं जग तोवर थांबलेलं नव्हतं. २०२१ मध्ये संघ आपल्या आयात वायूपैकी जवळजवळ पंचेचाळीस टक्के रशियाकडून घेत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर पूर्ण आक्रमण केलं. पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष युरोपलाच सुनावून गेले, की तुमचा खरा धोका रशिया किंवा चीन नसून तुमच्या आतच आहे. गंमत अशी, की वाक्य म्हणून मला ते पटतं. फक्त त्यांचं बोट ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याकडे माझं नाही.

आता त्या कॉफीची गोष्ट. १४ डिसेंबर २०२३, ब्रसेल्स. युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायच्या की नाही, यावर सत्तावीस नेते बसलेले. ओर्बान विरोधात. तेव्हा जर्मनीचे चान्सलर शोल्त्झ यांनी त्यांना सुचवलं, की आपण जरा बाहेर जाऊन कॉफी घ्याल का? ते गेले. उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला आणि तो ‘एकमतानं’ झाला. परत येऊन ओर्बान यांनी त्याच रात्री युक्रेनची पन्नास अब्ज युरोंची मदत अडवली, ती पुढं फेब्रुवारीत मंजूर झाली.

डिसेंबर २०२५ मध्ये आणखी एक युक्ती. युद्धामुळं युरोपात गोठवलेले रशियाचे पैसे तसेच ठेवायचे तर दर सहा महिन्यांनी सगळ्यांची संमती लागायची. संघानं आर्थिक आणीबाणीसाठीचं १२२ वं कलम शोधून काढलं आणि बहुमतानं ते पैसे बेमुदत गोठवले.

मी ते बरंच झालं म्हणेन. पण माझा वकील मित्र विचारतो, ‘कलमाला असा पीळ घालायचा, तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक तो काय?’ ओर्बानही राजपत्र दाखवूनच चालत होते. सरळ मार्ग म्हणजे परराष्ट्र धोरणातला नकाराधिकारच काढणं, पण तो काढायलाही एकमत लागतं. मित्राला द्यायला पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. त्याला मी पोलंडचीच एक हकीकत सांगितली.

३ मे १७९१ ला पोलंडनं नवी राज्यघटना केली आणि लिबेरुम वेटो कायमचा बंद केला. विरोधातले बरेच सभासद ईस्टरच्या सुट्टीवरून परतायच्या आतच सुधारकांनी बैठक उरकली होती. तीही एक कॉफीची सुट्टीच. वर्षभरानं रशियाचं सैन्य आत शिरलं आणि ती राज्यघटना संपली. पोलंडमध्ये ३ मे आजही राष्ट्रीय सण आहे.